कोट शिकायचाय? आधी चुण्या वाचायला शिका

कोट शिकायला येणारी बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी मशीनवर बसायला बघतात. पण कोटातलं सगळ्यात सोपं काम तेच आहे. सरळ टीप महिना-दोन महिन्यांत हातात बसते. ग्राहकाच्या अंगावर चढवलेला, नुसते कच्चे टाके घातलेला कोट बघून, त्यावरच्या चुण्यांवरून, चूक नेमकी कुठे आहे हे ओळखायला मात्र वर्षं लागतात. कारीगर आणि कटिंग मास्टर यांच्यातला फरक या नजरेचाच आहे, आणि ती पहिल्या आठवड्यापासून तयार करता येते.

इंदूरच्या जुन्या दुकानांत कामाची वाटणी ठरलेली असते. समोर माप घेणारे आणि कापणारे मास्टरजी, मागे किंवा माळ्यावर कारीगर. पँटचा कारीगर वेगळा, कोटाचा वेगळा आणि मजुरी नगावर. शिकण्याचा क्रमही तसाच: आधी पँट, मग वेस्टकोट, मग कोट. आयटीआयचा ‘सुइंग टेक्नॉलॉजी’चा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला तर आराखडा, मोजमाप आणि मशीन यांचा पाया पक्का होतो. कोटाचा हात मात्र दुकानातच घडतो. दुकानात शिरायचं ते आषाढी एकादशीनंतर. चातुर्मासात लग्नं नसतात, मास्टरजींना शिकवायला वेळ असतो. तुळशीच्या लग्नानंतर गेलात तर लगीनसराईत बटणं लावण्यापलीकडे काही वाट्याला येणार नाही.

कापडाची ओळख हातानंच होते. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये एक दुपार घालवा आणि सूटिंगचे ठाण मुठीत चुरगळून सोडत जा. चांगली लोकर काही क्षणांत पूर्ववत होते. सूटिंगचा पन्हा, म्हणजे रुंदी, ५८ ते ६० इंच. कोट-पँटला ३ ते सव्वातीन मीटर लागतं, वेस्टकोट हवा असेल तर साडेतीनच्या पुढे, आणि मोठ्या चौकटी जुळवायच्या असतील तर आणखी अर्धा मीटर. आपल्याकडे लग्नं मॅरेज गार्डनच्या उघड्या हिरवळीवर, थंडीच्या रात्री होतात, तरी वर्षातले बाकीचे महिने उकाड्याचे. म्हणून चौरस मीटरला २४० ते २८० ग्रॅमचं कापड सगळ्यात उपयोगी. कापडावर लिहिलेल्या ‘सुपर’ आकड्याला भुलू नका. तो लोकरीच्या तंतूची बारकाई सांगतो, टिकाऊपणा नाही: सुपर १०० म्हणजे तंतूची जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५. तंतू जितका बारीक तितकं कापड मऊ, आणि घासलं जाऊन तितकंच लवकर विरतं. पहिल्या सूटसाठी १२० च्या वर जाऊच नये असं आमचं ठाम मत आहे.

राजस्थानातल्या भीलवाड्याचं पॉली-व्हिस्कोज (पॉलिएस्टर आणि व्हिस्कोजचं मिश्र कापड) स्वस्त आहे, रोज वापरायला ठीक आहे, पण त्यावर शिकताना एक गोष्ट लक्षात असू द्या. बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईपेक्षा, मुद्दाम मोठा कापतात. लोकरीत हा दीड इंचाचा फरक ओल्या फडक्यावरून इस्त्रीची वाफ देऊन आकसवता येतो आणि बाही गोल बसते. पॉलिएस्टर वाफेनं तसं आकसत नाही. तेवढाच घेर त्यात ठेवला तर खांद्यावर बारीक चुण्या राहतात आणि शिकाऊ मुलगा दिवसभर टीप उसवत बसतो. चूक टिपेत नसते, कापणीत असते.

कापण्याआधी लोकरीला वाफ द्यायची आणि आतला कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारा कापड आणि अस्तर यांच्या मधला थर, रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचा. हे टाळलं तर पहिल्या ड्रायक्लीननंतर कॅनव्हास आटतो, वरचं कापड जास्त होतं आणि छातीवर फुगे दिसतात. कॅनव्हासऐवजी बकरम (गोंदाचं कडक कापड) चिकटवलेल्या कोटातही फुगे येतात, पण तिथे कारण वेगळं: गोंद सुटलेला असतो आणि त्याला पक्का इलाज नाही.

हाताच्या कामात सगळ्यात जास्त वेळ लॅपलला, म्हणजे छातीवर बाहेर वळणाऱ्या कोटाच्या कडेला, द्या. चांगल्या लॅपलची घडी इस्त्रीनं दाबून पाडलेली नसते, टाक्यांनी घडवलेली असते. कॅनव्हास वर, कापड खाली, आणि दोन्ही डाव्या तर्जनीवर वाकवून धरायचं. सुई कॅनव्हासातून जाऊन कापडाचा फक्त एक धागा उचलते. पाव-पाव इंचावर तिरपे टाके, ओळीमागून ओळ. वाकवून शिवल्यामुळे खालचं कापड किंचित आखूड राहतं, म्हणून बोट काढलं तरी लॅपल आपोआप वळलेलीच राहते. दोरा ओढला की खड्डे पडतात. टाका ढिलाच हवा. घडीच्या रेषेवर कापडी पट्टी लावतात ती साधारण पाव इंच आखूड. तिच्यामुळेच छातीपाशी कोट उघडा पडत नाही. अंगुस्तान (सुई ढकलायची बोटाची टोपी) मधल्या बोटात घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लागत नाही.

आता ट्रायल. सगळं शिक्षण इथेच आहे. ग्राहक लग्नात घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून आलेला असावा. त्याला लगेच आरशासमोर उभं करू नका, कारण आरसा दिसला की माणूस ताठ होतो. आधी त्याची पाठ बघा. दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या: ताणाची चुणी कापड कुठे कमी आहे ते दाखवते, झोळ कुठे जास्त आहे ते.

कॉलरच्या खाली पाठीवर आडवी घडी साचली असेल तर ग्राहकाचे खांदे चौकोनी आहेत आणि कोटाला उतार जास्त दिलाय. नवशिके इथे बाजूची शिवण धरतात, ते चुकतं. घडीत टाचणी लावा, मोजा, आणि पाठीचा गळा तेवढाच, बहुधा पाव ते अर्धा इंच, खाली उतरवा. मानेपासून काखेकडे तिरप्या चुण्या येत असतील तर उलट: खांदे उतरते आहेत. खांद्याची शिवण बाहेरच्या टोकाला खोल घ्या आणि मुंढाही तेवढाच खाली करा, नाहीतर काखेत काचेल. चुण्या एकाच बाजूला असतील तर तो खांदा खाली आहे, बहुतेकांचा असतो.

कॉलर मानेपासून सुटलेली आणि मागचा घेर वर उचललेला दिसला की माणूस पोक काढून चालणारा आहे, पाठीला लांबी कमी पडतेय. खांद्यापाशी माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, ठेवली असेल तर ती सोडून लांबी मिळते. नसेल तर पाठ पुन्हा कापावी लागते. म्हणून खांद्यावर किमान अर्धा इंच, बाजूच्या शिवणीत एक इंच आणि पँटच्या मागे कमरेशी दीड इंच माया ठेवल्याशिवाय कात्री चालवायची नाही. बाहीवर तिरप्या चुण्या असतील तर बाहीची दिशा ग्राहकाच्या हाताच्या लोंबण्याशी जुळत नाही. बाही काढा आणि हात ज्या बाजूला लोंबतो त्या बाजूला थोडी फिरवून बसवा.

मुंढ्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. मोठा मुंढा आरामदायक, असं वाटतं. पण काखेपासून खाली कापलेला मुंढा असेल तर हात वर केला की सगळा कोट वर चढतो. लहान, वर बसणारा मुंढाच हाताला मोकळीक देतो. आणि एकदा खाली कापलेला मुंढा वर नेता येत नाही, कापडच उरलेलं नसतं.

तयार सूट पारखायचा असेल तर शेवटच्या बटणाखाली कापड आणि अस्तर चिमटीत धरून वेगळं करा. मधे तिसरा थर सुटा हलताना लागला तर तिथपर्यंत कॅनव्हास आहे. खालून लागला नाही तर छातीपाशी बघा. तिथेच मिळाला तर अर्धा कॅनव्हास, कुठेच नाही तर चिकटवलेला. अस्तराला पाठीत मधोमध इंचभर घडी हवी, नसेल तर हात पुढे घेताच अस्तर उसवतं. तयार कोट घेणाऱ्यानं खांदा आणि लांबी बसते का तेच बघावं. कंबर दुरुस्त होते, पँटची उंची दुरुस्त होते. खांदा दुरुस्त करणं म्हणजे कोट नव्यानं बांधणं, आणि लांबी कमी केली की खिसे व बटणं जागा सोडतात. बाहीची लांबी शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसेल एवढी ठेवा, आणि ती ग्राहकानं हात खाली सोडून पक्की केल्याशिवाय बाहीचे काज फाडू नका.