सुपरचार्जरच्या इंटरकूलरची पाणीजोडणी : विदर्भाच्या उन्हाळ्याचा हिशेब धरून

हवा दाबली की ती तापते, आणि इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचे कामच हवा दाबण्याचे आहे. मे महिन्यात वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४५ अंशांवर असताना त्या हवेला अर्ध्या बारचा बूस्ट, म्हणजे वाढीव दाब, दिला आणि रूट्स पद्धतीच्या (दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणाऱ्या) सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ११० अंशांच्या आसपास भरते. इतकी तापलेली हवा विरळ असते, शिवाय तिच्यामुळे पेट्रोल इंजिनात नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकठोक, सुरू होते. मग ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगी उशिरा देऊ लागतो आणि ज्या ताकदीसाठी सुपरचार्जर बसवला ती ऐन उन्हाळ्यात मिळत नाही. दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी पाण्याने थंड करणारा इंटरकूलर हा त्यावरचा चांगला उपाय आहे, परंतु तो जितका त्याच्या कोअरवर, म्हणजे आतल्या जाळीच्या गाभ्यावर, अवलंबून असतो त्याहून अधिक त्याच्या जोडणीवर अवलंबून असतो. महागडा कोअर घेऊन पाईप कसेही फिरवलेल्या गाडीपेक्षा साधा कोअर आणि नीट जोडणी असलेली गाडी थंड राहते.

प्रथम थोडे गणित करावे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरून होतात. सुमारे २०० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला ९ किलोच्या आसपास हवा ओढते. ही हवा ११० अंशांवरून ६५ अंशांवर आणायची म्हणजे जवळपास ७ किलोवॅट उष्णता पाण्याने उचलली पाहिजे. पाणी मिनिटाला १५ लिटर फिरत असेल तर कोअरमधून जाताना ते साडेसहा अंशांनी तापते. प्रवाह निम्मा झाला तर हीच वाढ तेरा अंशांची होते आणि कोअरच्या शेवटच्या भागात हवा कमी थंड होते. दुसरी गोष्ट पाण्याच्या साठ्याची. सर्किटमध्ये, म्हणजे पाणी फिरण्याच्या बंद वाटेत, १० लिटर पाणी असेल, तर एखादा कापसाचा ट्रक ओलांडताना दहा सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्याने सगळे पाणी मिळून दोन अंशही तापत नाही, आणि नंतरच्या शांत चालीत ते पुन्हा निवते. म्हणून टाकी मोठी असणे आपल्या भागात फायद्याचे आहे. मात्र बर्फ टाकल्याशिवाय हे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड कधीच होणार नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी.

हे सर्किट इंजिनच्या कूलंटपासून पूर्णपणे वेगळे असले पाहिजे. हीटरच्या पाईपला टी मारून काम भागवण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात, परंतु इंजिनचे पाणी ९० अंशांच्या आसपास असते आणि तसल्या पाण्याने हवा थंड करण्याला काही अर्थ नाही.

पाण्याचा क्रम असा ठेवावा : टाकीतून पंपाकडे, पंपातून बंपरमागच्या छोट्या रेडिएटरकडे, तिथून इंटरकूलरकडे आणि इंटरकूलरमधून परत टाकीत. यामुळे इंटरकूलरला नेहमी नुकतेच थंड झालेले पाणी मिळते आणि पंपाला टाकीतून विनासायास पुरवठा होतो. केवळ शर्यतीसाठी टाकीत बर्फ टाकणारे लोक टाकीनंतर थेट इंटरकूलर घेतात, परंतु रोजच्या गाडीला पहिलाच क्रम योग्य.

पंप सर्किटच्या सर्वांत खालच्या जागी आणि टाकीच्या खालीच बसवावा. हे छोटे विजेवरचे पंप सेंट्रिफ्यूगल जातीचे असतात. फूट व्हॉल्व्ह गळणाऱ्या विहिरीवरची मोटार जशी पाणी भरल्याशिवाय उचलत नाही, तसेच हे पंपही हवा धरली की नुसते फिरत राहतात. ओढीकडचा पाईप आखूड, सरळ आणि जाड भिंतीचा ठेवावा, म्हणजे तो वळणावर चेपणार नाही. पंपाचे तोंड कोणत्या दिशेला असावे हे त्याच्यासोबतच्या कागदावर दाखवलेले असते; त्याच्या विरुद्ध बसवल्यास पंपाच्या डोक्यात बुडबुडा अडकून राहतो.

टाकीचे झाकण हा सर्किटचा सर्वांत उंच बिंदू असावा. ज्या गाड्यांमध्ये कोअर सुपरचार्जरच्या खाली, थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये असतो, तिथे बोनेटखाली इतक्या उंचीवर टाकीला जागा मिळत नाही. अशा वेळी इंटरकूलरमधून बाहेर पडणाऱ्या पाईपच्या सर्वांत उंच ठिकाणी झाकणाची टी किंवा हवा काढण्याचा छोटा निपल बसवावा. ही शेदोनशे रुपयांची वस्तू वाचवण्याच्या नादात पुढे तासन्‌तास हवा काढत बसावे लागते. पुढच्या रेडिएटरला पाणी खालून आत आणि वरून बाहेर द्यावे, कारण हवा स्वभावतः वर जाते आणि तिला जाण्याची वाट त्याच दिशेने हवी.

होज पाईप आतून १९ मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण इंचाचा असावा आणि हे माप संपूर्ण सर्किटमध्ये कायम राहावे. मध्येच कुठे अर्ध्या इंचाचा जोड आला तर बाकीच्या पाऊण इंचाचा उपयोग राहत नाही. काटकोनी एल्बोपेक्षा मोठ्या गोलाईचे तयार वळण घ्यावे. माझ्या मते मोठ्या पंपाच्या मागे लागण्याआधी गाडीतले एल्बो मोजावेत आणि त्यांतले निम्मे काढता येतात का ते पाहावे. पाईप गाडीच्या कूलंटसाठी बनवलेल्या ईपीडीएम रबराचा किंवा सिलिकॉनचा घ्यावा. शेतात ठिबकचे आणि तुषार सिंचनाचे सामान हाताशी असते, त्याचे जोड आणि नळ्या मापाला चपखल बसतातही. परंतु बोनेटखालच्या उष्णतेत ते प्लास्टिक मऊ पडते आणि क्लिपखालून सरकते, म्हणून ते वापरू नये. ॲल्युमिनियमच्या नळीच्या टोकाला उठावाची कडा असलीच पाहिजे. क्लिप त्या कडेच्या मागे बसवावी, कडेवर नव्हे. सिलिकॉनच्या पाईपला आतून पट्टी असलेली क्लिप लावावी, कारण साध्या क्लिपच्या खाचा त्यात रुतून पाईप कापतात.

पाईप एक्झॉस्टपासून दूर ठेवावेत आणि जिथे ते पत्र्यातून जातात तिथे रबरी ग्रोमेट घालावे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का, हे जॅक लावून एकदा पाहून घ्यावे.

पुढचा रेडिएटर एसीच्या कंडेन्सरसमोर बसवावा आणि त्याच्या कडेने हवा निसटू नये म्हणून फटींत फोमच्या पट्ट्या भराव्यात. हवेला सोपी वाट मिळाली तर ती जाळीतून जाणार नाही. रेडिएटर बंपरच्या खालच्या काठाखाली अजिबात उतरू देऊ नये. पावसाळ्यात पांदण रस्त्याने गाडी नेणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको : एखादे ढेकूळ किंवा चाकोरीतला उंचवटा लागला की रेडिएटरच्या कडेची ॲल्युमिनियमची टाकी फुटते, आणि काळी माती जाळीत बसून वाळली की ती सिमेंटसारखी काढावी लागते.

कोअर गाडीत बसवण्याआधी त्याची गळती तपासणे ही मी सक्तीची पायरी मानतो. मॅनिफोल्डमधला कोअर आतून गळला तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जाते, आणि न दाबल्या जाणाऱ्या पाण्यावर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तपासणीला महागडे साधन लागत नाही. कोअरचे एक तोंड रबरी बुचाने आणि क्लिपने बंद करावे, दुसऱ्या तोंडाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवावा आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे जाऊन त्यात १५ पौंड हवा भरून त्याच्याच पाण्याच्या टाकीत दहा मिनिटे बुडवून ठेवावा. पृष्ठभागाला चिकटलेले बुडबुडे आधी हाताने पुसून टाकावेत. त्यानंतर एकाच जागेवरून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे रांगेने वर येऊ लागले तर तो कोअर परत करावा. डिंक किंवा एम-सील लावून तो वापरू नये.

पंपाची वायरिंग रिलेमधूनच (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधूनच) करावी. ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीतून फ्यूजद्वारे प्रवाह, ८७ वरून पंपाला, ८६ ला इग्निशनची वायर आणि ८५ ला अर्थ, एवढीच ती जोडणी आहे. फ्यूज पंपावर लिहिलेल्या अँपिअरच्या हिशेबाने निवडावा आणि तो बॅटरीच्या जवळ असावा. चावी चालू आहे तोवर पंप फिरत राहिला पाहिजे. बूस्ट आल्यावरच तो सुरू करण्याची हुशारी करू नये.

पाण्याबद्दल आपल्या भागात विशेष काळजी हवी. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे आणि इतरत्रही बोअरचे पाणी जड असते. त्यातले क्षार कोअरच्या बारीक वाटांमध्ये थर धरतात आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला भोके पाडते. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणीच वापरावे. आपल्याकडे सर्किट गोठण्याची भीती नाही, त्यामुळे कूलंटमधल्या ग्लायकॉलचे (गोठणे रोखणाऱ्या द्रव्याचे) प्रमाण वाढवण्याचे कारण नाही. उलट ग्लायकॉल वाढले की पाण्याची उष्णता उचलण्याची क्षमता घटते. तरीही गंज रोखणारी द्रव्ये कूलंटमध्येच असतात, म्हणून नुसते पाणीही चालणार नाही. डब्यावर सांगितलेल्या किमान प्रमाणात कूलंट मिसळावे, ते बहुधा एक-तृतीयांशाच्या आसपास असते. तयार मिश्रण घेतले असल्यास त्यात आणखी पाणी घालू नये.

हवा काढण्याचे काम घाईने होत नाही. गाडीची पुढची बाजू उंच करावी आणि झाकणाचे तोंड आणखी वर येईल असे पाहावे. इंजिन बंद ठेवून मिश्रण बारीक धारेने ओतावे, पातळी स्थिर झाली की रिलेच्या ३० आणि ८७ या टोकांना जोडतार लावून पंप अर्धा मिनिट चालवावा, थांबवावा, पुन्हा भरावे. पंपाचा आवाज येथे चांगला मार्गदर्शक आहे : हवा असताना तो कर्कश आणि चढता-उतरता येतो, पाणी धरले की खाली उतरून एकसारखा होतो. परतीच्या पाईपचे तोंड टाकीत दिसत असेल तर धार अखंड आणि बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत हे चालू ठेवावे, आणि मधूनमधून पाईप हाताने दाबून सोडावेत, म्हणजे वळणात दडलेली हवा सुटते.

यानंतर प्रवाह मोजावा. परतीचा पाईप काढून दहा लिटरच्या बादलीत सोडावा आणि दुसऱ्या माणसाने टाकी सतत भरत राहावे. बादली भरायला चाळीस सेकंद ते एक मिनिट लागले तर जोडणी ठीक आहे. त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर चेपलेला पाईप, अरुंद जोड किंवा राहिलेली हवा यांपैकी काहीतरी सापडेलच.

रस्त्यावरच्या चाचणीसाठी दोन तापमाने हवीत : इंटरकूलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचे आणि इंटरकूलरनंतरच्या हवेचे. समृद्धी महामार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेत वीस मिनिटे एकसारखी गाडी चालवल्यावर पाणी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण दहा अंशांनी वर स्थिरावावे. पाणी त्याहून खूप तापत असेल तर दोष पुढच्या रेडिएटरला मिळणाऱ्या हवेत शोधावा. पाणी थंड आहे पण बूस्टमध्ये हवा गरमच राहते असे दिसले, तर पाणी कोअरमधून पुरेसे फिरत नाही किंवा कोअरच लहान पडतो आहे. बाजाराच्या दिवशी गर्दीतून जाताना दोन्ही आकडे चढतात. तसा वापर रोजचा असेल तर पुढच्या रेडिएटरला स्वतंत्र पंखा लावणे योग्य.

पहिल्या आठवड्यात गाडी थंड असताना सगळ्या क्लिप पुन्हा आवळाव्यात आणि टाकीची पातळी रोज पाहावी. पातळी घटते आहे आणि खाली कुठेही ओल नाही, असे आढळल्यास गाडी त्याच क्षणी थांबवून सिलिंडरमध्ये पाणी आहे का हे पाहण्यासाठी स्पार्क प्लग काढावेत आणि कोअर पुन्हा पंक्चरवाल्याच्या टाकीत बुडवावा. कापूस वेचणीच्या हंगामात पुढची जाळी दर पंधरवड्याला पाहावी, कारण तंतू आणि धूळ मिळून तिच्यावर नमद्यासारखा थर बसतो. तो इंजिनच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, कारण सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळीच्या पात्या वाकतात. मिश्रण दर दोन वर्षांनी, शक्यतो फेब्रुवारीत, ऊन चढण्यापूर्वी बदलावे.