थंडीच्या पहाटे जुनी पिकअप सुरू होत नसेल तर: आधी कान द्या, मग पाना घ्या

थंडी पडू लागली की जुनी पिकअप दगा देते, आणि तोही नेमका पहाटे, माल भरून झाल्यावर. पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहिलेली गाडी असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी सगळा राग बॅटरीवर निघतो. अनेकदा दोष तिचाच असतो, पण नवी बॅटरी बसवूनही गाडी ढिम्म हलत नाही असंही होतं. म्हणून खर्चात पडण्याआधी चावी फिरवल्यावर गाडी काय आवाज करते ते ऐका. अर्धं निदान तिथेच होतं.

गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारा. लाइट एकदम मंद झाला आणि सेल्फ जड फिरला किंवा नुसतं टकटकटक वाजलं, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या जोडण्या खराब आहेत. लाइट जसाच्या तसा राहिला आणि सेल्फने हूं की चूं केलं नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. इग्निशन स्विच, फ्यूज, रिले (छोटा इलेक्ट्रिक स्विच) आणि सोलेनॉइडकडे, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचकडे, जाणारी बारीक वायर बघा. एकच ठसठशीत 'टक' आला आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर तो फिरला, तर ब्रशवर संशय पक्का. त्या दिवसाचं काम भागेल, पण सेल्फ लवकर उतरवून घ्या.

बॅटरीकडे वळताना आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल तर खाण्याचा सोडा टाकलेलं गरम पाणी आणि जुना ब्रश पुरेसा आहे. ते पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. वरून चकचकीत दिसणारं टर्मिनलही फसवतं. दोन-तीनदा सेल्फ मारून चावी बंद करा आणि टर्मिनलला जपून बोट लावून बघा. एखादं गरम लागलं तर पकड तिथेच ढिली आहे.

मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली, 12.2 ला साधारण निम्मी, 12 च्या खाली गेली तर चार्जिंगला लावायचीच. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळत असेल, तर चार्ज करूनही तिचा भरवसा नाही. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्याने सेल्फवर भार वाढतो, म्हणून उन्हाळ्यात कसंबसं चाललेलं आता उघडं पडतं. गाडी सुरू झाल्यावर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर आधी अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) आणि तो फिरवणारा पट्टा बघा, नाहीतर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल.

जुन्या गाडीत सर्वात दुर्लक्षित राहते ती अर्थिंगची पट्टी. इंजिन आणि चासीमधली ही पट्टी चिखल-पाण्याने आतून गंजते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर पट्टी काढून दोन्ही टोकं घासा किंवा नवी टाका. जम्पर केबल (दुसऱ्या बॅटरीवरून करंट घ्यायच्या तारा) लावूनही सेल्फ जडच राहतो, तेव्हा कारण पुष्कळदा इथे सापडतं.

आता दुसरा प्रकार: सेल्फ जोमात फिरतो, पण इंजिन पेटत नाही. डिझेल गाडी असेल तर सायलेन्सरकडे बघा. पांढरट धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय पण जळत नाही. हीटर प्लग (थंड इंजिन पेटायला आत उष्णता देणारे) तपासा, आणि ते ठीक निघाले तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. टाकीतलं डिझेल बघा (मीटरच्या काट्यावर जाऊ नका), मग चावी ऑन केल्यावर डिझेल पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल चालू-बंद करतो तो) टिक आवाज येतो का ते ऐका. जुन्या मॉडेलला ओढायची स्टॉप केबल असेल तर ती अडकलेली नाही ना, हेही पाहा.

संध्याकाळी लगेच सुरू होणारी गाडी सकाळीच त्रास देत असेल, तर ती बहुधा एअर घेते. टाकी ते पंप या पाइपात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे भेगाळलेल्या रबरी नळीतून किंवा चेपलेल्या वॉशरमधून थेंबभर डिझेल बाहेर न येताही हवा आत शिरते आणि रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरतं. बाहेर ओल दिसत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. डिझेल फिल्टरवरचा ब्लीडिंग (हवा काढायचा) स्क्रू एक-दोन आटे ढिला करून हँड पंप मारा. आधी फेस येईल, मग बिनबुडबुड्याची धार लागेल. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. एअर काढून काम भागलं तरी नळ्या आणि वॉशर बदला, नाहीतर उद्या पुन्हा तेच. फिल्टरखालचं पाणीही सोडून द्या. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होऊन ते तिथे साचतं.

कॉमन रेल इंजिन (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारं) असेल तर इंजेक्टरच्या पाइपांना हात लावू नका. तिथला दाब इतका प्रचंड असतो की डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रेही मारू नका, आत स्फोट होऊन पिस्टन जायचा.

सेल्फ एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा. जम्पर लावताना दुसरी बॅटरी 12 व्होल्टचीच हवी. मोठ्या ट्रकची 24 व्होल्टची यंत्रणा जोडू नका. शेवटचं निगेटिव्ह टोक उतरलेल्या बॅटरीवर नको, इंजिनच्या धातूवर लावा, कारण बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो. आणि गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर सेल्फही नको, धक्काही नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, तिथे थेट मिस्त्रीच बोलवा.

गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत एअर फिल्टरचा डबा उघडून बघायला विसरू नका. उंदराने त्यात घरटं केलेलं असलं, तर जवळपासची एखादी वायरही कुरतडलेली सापडते.