मालिकेसाठी सेल्फ टेप: पहिल्या ओळखीपासून करारावरच्या सहीपर्यंत

स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत होत्या, तेव्हा त्या श्याम बेनेगलांच्या नजरेस पडल्या. आज अशी नजर पडते ती कास्टिंग करणाऱ्याच्या मोबाईलवर. एका भूमिकेसाठी ढीगभर सेल्फ टेप, म्हणजे कलाकाराने घरीच शूट केलेल्या ऑडिशन, येतात आणि प्रवासात, चहा पिता पिता, छोट्या पडद्यावर पाहिल्या जातात. चेहरा नीट दिसला नाही किंवा आवाज घुमला, तर अभिनयापर्यंत कोणी पोचतच नाही. त्यामुळे आधी तांत्रिक बाजू पक्की करा.

फोन आडवा धरा, उभा मागितला असेल तरच उभा. मागचा कॅमेरा वापरा आणि लेन्स सुती कापडाने पुसा. बोटांच्या तेलकट डागामुळे चित्र धुरकट येतं आणि दोष उजेडाला दिला जातो. फोन डोळ्यांच्या उंचीवर, चार-पाच फूट लांब ठेवा आणि दुप्पट झूम करून छातीपासून वरची चौकट घ्या. फोन चेहऱ्याजवळ आणला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. रिझोल्यूशन १०८० पुरे. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर हललात की चित्र मध्येच काळपट किंवा पांढुरकं होतं.

खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको. रात्री ट्यूबलाइटमध्ये चित्रावर सरकते पट्टे दिसले तर सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम निवडा. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे बहुतेक वेळा पट्टे जातात. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लावू नका, अर्धा चेहरा पिवळा येतो.

पंखा बंद, शेजारच्या खोलीतला फ्रिजही तेवढ्यापुरता बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. फोनच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगल्या की फरक लगेच ऐकू येतो.

ओळख अर्ध्या मिनिटाची असावी: नाव, वय, उंची, सध्याचं शहर, बोलता येणाऱ्या भाषा, आधीचं काम. इथे थेट लेन्सकडे बघायचं. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात आणि शेवटी डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण चित्र. घरचा पत्ता टेपमध्ये सांगू नका.

प्रसंग करताना मात्र लेन्सकडे पाहायचं नाही. समोरच्याचे संवाद वाचणारी व्यक्ती फोनला अगदी खेटून उभी राहील आणि तुम्ही तिच्या डोळ्यांत बघाल. ती तीन फूट बाजूला उभी राहिली तर तुमचा फक्त एक गाल दिसतो. तिने हळू वाचायला हवं. ती माइकजवळ असते, त्यामुळे नेहमीच्या आवाजात वाचलं तर टेपमध्ये तुमच्यापेक्षा तीच मोठी ऐकू येते. प्रसंगात दोन माणसं असतील तर एकाची जागा लेन्सच्या डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे ठरवा आणि ती बदलू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समोरच्याचे संवादही पाठ करा. फक्त स्वतःची वाक्यं पाठ असली की आपण समोरच्याचं ऐकत नाही, आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसतो आणि ते डोळ्यांत दिसतं. मालिकेत निम्मं काम दुसरा बोलत असताना आपल्या चेहऱ्यावर काय होतं याचं असतं. रडण्याचा प्रसंग आला की पहिल्या ओळीपासून रडू नका, पुढे चढायला जागाच उरत नाही. दोन टेक पाठवा, पण खरोखर वेगळे: एकात राग गिळलेला, दुसऱ्यात बाहेर आलेला.

भूमिका वऱ्हाडी आणि तुमचं घर सांगलीचं असेल, तर उसना हेल काढू नका. प्रसंग साध्या मराठीत करा आणि घरची बोली ओळखीत चार वाक्यं बोलून ऐकवा. ती तुमची खरी कमाई आहे.

साडी मागितली असेल तर पदराला पिन लावाच, नाहीतर दर वाक्याला हात खांद्याकडे जातो. काचेच्या बांगड्या माइकमध्ये किणकिणतात, त्या काढा. बारीक रेघांचं कापड पडद्यावर थरथरतं.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर दर्जा घसरतो. ड्राइव्हची लिंक देत असाल तर ती सगळ्यांना उघडेल असं सेटिंग करा आणि दुसऱ्या फोनवर उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक बहुतेक वेळा तशीच राहून जाते. फाइलच्या नावात तुमचं नाव, उंची आणि भूमिका लिहा.

ऑडिशनला, नोंदणीला किंवा कलाकाराचं ‘कार्ड’ काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. भेट ऑफिसात किंवा सेटवरच घ्या. हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जाऊ नका.

निवड झाली की लुक टेस्ट (भूमिकेचे कपडे, मेकअप करून बघणं) होते आणि मग करार समोर येतो. मानधन बहुधा रोजावर ठरतं. रोजाच्या आकड्यापेक्षा महिन्याला किती दिवसांची हमी आहे ते आधी पाहा. दर मोठा आणि हमी शून्य, हा तोट्याचा सौदा आहे. पैसे साधारण ९० दिवसांनी येतात, म्हणून मुंबईत राहायला येताना चार महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण हाताशी हवं. शिफ्ट किती तासांची, वर थांबलं तर काय मिळणार, सातारा-कोल्हापूरकडे शूटिंग असेल तर राहण्याचा खर्च कोणाचा, नाटकाच्या प्रयोगांना सुट्टी मिळणार का, हे सगळं कागदावर घ्या. तोंडी कबूल केलेली सुट्टी एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपली की कोणाला आठवत नाही. सोडण्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हेही बघा. ती बऱ्याचदा फक्त कलाकाराला लागू असते. मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिला नाही तर २० टक्के. विवरणपत्र भरलं की जास्तीचा कापलेला कर परत मिळतो. सही केलेली प्रत त्याच दिवशी मागून घ्या.

सेटवर पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. प्रत्येक सीन संपला की कपडे बदलण्याआधी आरशात स्वतःचा फोटो काढा: टिकली, मंगळसूत्र, कोणत्या हातात किती बांगड्या, पदर पिन केलेला की सोडलेला. दारातून बाहेर पडतानाचा शॉट आज होतो आणि बाहेर आल्यावरचा आठवड्याने. त्या दिवशी एडीकडचा (सहायक दिग्दर्शकाकडचा) फोटो सापडला नाही, तरी तुमचा फोनमध्ये असेल.