स्प्राइट टिपायचेत? मग डोक्यावरचं वादळ सोडा

आभाळ गडगडलं की कॅमेरा घेऊन गच्चीवर पळायचं, ही सवय आधी मोडा. स्प्राइट म्हणजे मोठी वीज पडल्यावर वादळाच्या वर क्षणभर उमटणारा लालसर प्रकाश. ते उमटतात ढगांच्या खूप वर, साधारण ५० ते ९० किलोमीटर उंचीवर. वादळ डोक्यावर असेल तर ढगच आडवा येतो. ते दीडशे ते तीनशे किलोमीटर लांब हवं आणि मधलं आभाळ मोकळं. जळगावकरांनी वळवाच्या दिवसांत रात्री परभणी-नांदेडच्या दिशेने बघावं. यावल-रावेरकडे गावाच्या उजेडापासून दूर गेलात तर उत्तम.

हे कळूनही माझा अख्खा हंगाम वाया गेला, कारण वीज चमकते तिकडेच कॅमेरा वळतो. हिशेब मांडा. परभणी जळगावपासून सरळ रेषेत सुमारे २३० किलोमीटर. तिथल्या १५ किलोमीटर उंच ढगाचा माथा आपल्याला क्षितिजावर जेमतेम तीन अंश दिसतो. स्प्राइट मात्र ११ ते २० अंशांच्या पट्ट्यात. हात ताणून मूठ धरा, ती साधारण दहा अंशांची. क्षितिजापासून एक मूठ सोडायची, दुसऱ्या मुठीत स्प्राइट. तिथे नुसत्या चांदण्या दिसतात, म्हणून मन धजत नाही. तरी कॅमेरा तिथेच रोखा, क्षितिज चौकटीच्या तळाला असलं की पुरे.

सतत लखलखणाऱ्या भागालाही भुलू नका. तिथल्या जमिनीवर पडणाऱ्या बहुतेक विजा ऋण प्रभाराच्या. स्प्राइट जवळजवळ नेहमी धन प्रभाराच्या जोरदार विजेपाठोपाठ उमटतो आणि तशा विजा मोठ्या वादळामागे पसरलेल्या थरांच्या ढगातून जास्त पडतात. जोर ओसरला म्हणून गाशा गुंडाळलात तर नेमकी वेळ हुकली.

तीस-तीस सेकंद शटर उघडं ठेवून फोटो काढत राहणं मला अजिबात पटत नाही. स्प्राइट मिळेलही, पण कोणत्या विजेचा ते कळणार नाही. व्हिडिओच घ्या. लेन्स भरपूर उजेड आत घेणारी, म्हणजे एफ १.४ ते २ ची, फोकस ताऱ्यावर हाताने, घड्याळ जीपीएसशी जुळवलेलं. फुटेज बघून नुसतं ‘वा!’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘वेळ किती?’ विचारणारा माणूस गुरू करा.

रिकाम्या रात्री येतील, त्यांनी खचू नका. विल्सन या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ढगांवरच्या अशा प्रकाशाचं भाकीत केलं होतं. पहिला स्प्राइट कॅमेऱ्यात आला १९८९ मध्ये, तोही मिनेसोटा विद्यापीठातले संशोधक रॉकेटसाठीचा कॅमेरा तपासत होते तेव्हा, अवचित.

जिवाशी मात्र खेळ नको. विजेची सूचना देणाऱ्या ‘दामिनी’ ॲपवर जवळ वीज दिसली की तिवई जागेवर सोडा आणि पक्क्या घरात शिरा. झाडाखाली किंवा शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका.