फवारणीचे कपडे: घालायचे कोणते, धुवायचे कसे

पावसाने उघडीप दिली की फवारणीची घाई सुरू होते. औषध कोणते, मात्रा किती, याची चौकशी सगळे करतात. अंगात मात्र घरातला सगळ्यात विरलेला सदरा चढतो. फवारताना औषध श्वासापेक्षा बहुतेक वेळा कातडीतूनच जास्त आत जाते. कातडीही सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या जुन्या चाचण्यांत कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळातून सुमारे 4 पट, तर अंडकोषाच्या कातडीतून जवळपास 12 पट औषध आत गेले होते. त्यामुळे मांड्यांपर्यंत भिजलेल्या पँटवर ‘एवढे दोन पंप मारून घेतो’ म्हणणे सगळ्यात वाईट.

घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा चालतो, पण कोरडा असेपर्यंतच. ओला झाला की तोच औषध अंगाला धरून ठेवतो. जास्तीचा एक जोड बांधावर ठेवा. पंपाचे झाकण, वॉशर, नळीचा सांधा आधी साध्या पाण्यावर तपासा. पाठ भिजते ती बहुधा तिथूनच. पीक कमरेइतके असेल तर पुढून प्लास्टिकचा ॲप्रन बांधा. लेबलवर सांगितले नसेल तर दमट उन्हात अंगभर प्लास्टिक नको, घामाने जीव घाबरा होतो.

हातमोजे नायट्राइल या कृत्रिम रबराचे, बिनअस्तराचे. कापडी किंवा चामड्याचे औषध शोषतात. जमिनीलगत फवारताना बाही मोज्यावरून सोडा. फळबागेत हात वर असतो, तिथे बाही मोज्यात खोचा, नाहीतर ओघळ थेट कोपरापर्यंत येतो. पँट नेहमी गमबुटावरून. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. वाफ तो अडवत नाहीच, वर भिजून नाकाशी चिकटतो.

घरी आल्यावर लेकरांना जवळ घेण्याआधी आंघोळ करा. हातमोजे हातात असतानाच धुवा, मग काढा. कपडे त्याच दिवशी, घरच्या धुण्यात न मिसळता, आधी नुसत्या पाण्यातून काढून मग गरम पाण्यात भरपूर पावडर घालून धुवा. धुणाऱ्यानेही मोजे घालावेत. कोणते औषध मारले ते त्याला सांगा. ही गोष्ट हमखास राहून जाते. नदी-ओढ्यावर धुऊ नका, वाळवा उन्हात.

बाटलीतले मूळ औषध कपड्यावर सांडून तो भिजला असेल तर लगेच काढा आणि अंग साबणाने धुवा. तो कपडा कितीही नवा असो, धुऊन पुन्हा घालू नका.