मुंबईचा हिवाळा आणि धुरकट हवा: खबरदारी घेताना होणाऱ्या या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात बाबांचा खोकला तीन आठवडे हटेना. वय सत्तरीचं, दमा जुना, आणि पहाटे साडेपाचला फिरायला जाण्याचा नेम कितीतरी वर्षांचा. काढा झाला, हळद-दूध झालं, औषधाची बाटली संपली. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि पहिलाच प्रश्न केला, "काका, फिरायला किती वाजता जाता?"

आम्ही सगळे गप्प. पहाटेची हवा शुद्ध असते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, त्यामुळे त्या वेळेवर कुणाचा संशय जाईल कसा?

पहाटेचं फिरणं

पावसाळ्यात पहाटे खुशाल फिरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मात्र गणित उलटतं. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, कुठे पेटवलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली साचत जातं. शाळेच्या भूगोलात मतलई आणि खारे वारे शिकलो होतो, ते इथे आठवावेत. रात्री आणि पहाटे वाहणारे मतलई वारे मंद असतात आणि जमिनीवरचीच हवा घेऊन येतात. ऊन चढलं की झाकण विरतं, दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि साचलेलं पांगू लागतं.

म्हणून हिवाळ्यात फिरणं बंद करू नका, वेळ बदला. बाबा आता दुपारी साडेतीनला निघतात, तेही हमरस्ता सोडून आतल्या गल्लीतून. घराच्या खिडक्यांनाही हाच नियम. आई सकाळी उठल्याबरोबर सगळ्या खिडक्या सताड उघडायची, आता दुपारी जेवणं झाल्यावर उघडते. दिवसभर बंद मात्र ठेवू नका, घरातली कोंदट हवाही बाहेर जायला हवी.

मोबाइलवरचा आकडा

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, बघताना बहुतेकांची फसगत होते. एक अ‍ॅप ९५ दाखवतं, दुसरं १५०, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजपट्टी वेगळी, अमेरिकेची वेगळी, आणि बरीच परदेशी अ‍ॅप्स अमेरिकेची वापरतात. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन धरली, तर हे किती सूक्ष्म ते कळेल. या कणांचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि हवा 'समाधानकारक' ठरते. अमेरिकन पट्टीवर तीच हवा १५०च्या वर, म्हणजे आरोग्याला अपायकारक. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची चोवीस तासांची मर्यादा तर १५ मायक्रोग्रॅमच आहे. घरात दमेकरी, हृदयरोगी, गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर 'समाधानकारक' या शब्दावर विसंबून राहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. आपला अधिकृत निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो. दुपारी चारला जाहीर होणाऱ्या आकड्यात कालची रात्रही मिसळलेली असते. आत्ता बाहेर पडावं का, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा दर तासाचा पीएम २.५चा आलेख बघा. कोणत्या प्रदूषकामुळे आकडा चढलाय तेही बघा. ओझोन असेल तर तो उन्हात तयार होतो, मग दुपारच नको.

आणि खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवून हवा जोखू नका. बोटाला लागते ती जाड धूळ. जे फुप्फुसात खोल उतरतं ते डोळ्यांना दिसत नाही.

मास्क असूनही घसा खवखवतो?

रुमाल, ओढणी, कापडी मास्क यांनी बारीक कण फारसे अडत नाहीत. एन-९५ लागतो, आणि तोही नीट बसलेला. घरच्या घरी तपासायचं असेल तर मास्क लावून जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ धरली तर नाकापाशी हवा गळतेय, वरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. गालांवरून हवा जात असेल तर मास्क मोठा आहे. दाढी असेल तर कडा टेकतच नाहीत. मास्क धुवायचा नाही, धुतल्यावर त्याची गाळण्याची ताकद जाते. नुसत्या कणांसाठीचा मास्क वायू अडवत नाही, हेही लक्षात ठेवा. आधीच धाप लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

घरातला धूर

बाहेरच्या हवेला दोष देत आपण संध्याकाळी दारं-खिडक्या लावतो आणि आत डासांची अगरबत्ती पेटवतो. एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. मच्छरदाणी लावा. देवापुढची उदबत्ती आणि धूप याबद्दल घरात बोलणं अवघड असतं, मला ठाऊक आहे. आमच्याकडे आईनेच तोडगा काढला: निरांजन लावायचं, आणि उदबत्ती सणावारी, तीही खिडकी उघडी ठेवून. फोडणी देताना एक्झॉस्ट आधी सुरू करा, ठसका लागल्यावर नाही. कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

एअर प्युरिफायर घेऊनही फरक पडत नसेल तर बहुतेक वेळा तो खोलीच्या मानाने लहान असतो. १२० चौरस फुटांची, नऊ फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३० घनमीटर हवा. ती तासात पाच वेळा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, किमान १५० घनमीटर असायला हवा. बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर बघून घ्या, यंत्र भिंतीला चिकटवू नका, बाहेरची जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करा. साध्या एसीने हे कण अडत नाहीत. कुंड्यांतली झाडं मनाला बरी, पण हवा गाळण्याचं काम त्यांच्याकडून होत नाही. आणि गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघते हा समज सोडा. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ बसते फुप्फुसात.

पंपाची भीती

बाबांची खरी चूक डॉक्टरांना नंतर सापडली. बरं वाटतंय म्हणून त्यांनी दम्याचा रोजचा पंप, म्हणजे इनहेलर, ऑक्टोबरातच बंद केला होता, "सवय लागेल" या धास्तीने. रोजचा पंप श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवतो, तातडीचा पंप दम्याच्या अटॅकच्या वेळी नळ्या मोकळ्या करतो. दोन्हींची कामं वेगळी. रोजचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, आणि तो स्टेरॉइडचा असेल तर घेतल्यावर चूळ भरा. एक वाक्य पुरं करताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा छातीत दुखत असेल तर वाफ घेत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

तक्रार करताना

"आमच्याकडे फार धूळ आहे" एवढ्यावर कुणी हलत नाही. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली. एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडाभोवती किमान ३५ फूट, लहान भूखंडाभोवती किमान २५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याची फवारणी, झाकलेले डंपर. यातलं नेमकं काय नाही ते लिहा, तारीख-वेळेसह फोटो काढा, १९१६वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. आमच्या गल्लीतल्या बांधकामाबद्दल पहिले दोन फोन वाया गेले. तिसऱ्यांदा पत्रे नसलेल्या बाजूचा फोटो जोडला, तेव्हा आठवड्याभरात तिथे पत्रे उभे राहिले.