रेवस ते रेडी एकट्याने बाइकवर : मी केल्या, तुम्ही या चुका टाळा

रेवस ते रेडी, कोकण किनाऱ्याच्या सागरी मार्गाने, एकटाच. अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास. घाटावर मी दिवसाला साडेतीनशे सहज मारतो, म्हणून तीन दिवस पुष्कळ झाले असा हिशेब केला होता. सहा लागले. वाटेत मी रस्त्याला भरपूर शिव्या घातल्या. आता दोन महिन्यांनी वहीतल्या नोंदी चाळल्यावर दिसतंय की रस्त्याचा फारसा दोष नव्हता.

पहिली चूक किलोमीटर मोजण्याची. इथला रस्ता खाडीपाशी उतरतो, पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर चढतो, पुन्हा पुढच्या खाडीला उतरतो. तासाला ३० किलोमीटर धरा, त्यात नारळपाणी आलं. शिवाय वाटेत चार ठिकाणी जंगर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणारी बोट: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. शेवटची फेरी किती वाजता, हे दुपारीच कुणाला तरी विचारून ठेवा. मी विचारलं नाही. दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा जंगर बंद झाली होती. समोर धोपाव्याचे दिवे दिसत होते आणि रस्त्याने जायचं तर चिपळूणचा वळसा! मुकाट दाभोळला मुक्काम केला.

त्याहून महागात पडली ती ओहोटी. कुठल्या धक्क्यावर ते राहू द्या. सकाळी पावणेदहाला पोचलो तर पाणी खूप खाली गेलेलं. उताराचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडला होता, त्यावर हिरवं शेवाळ. सवयीने पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी सामानासकट उजवीकडे आडवी. दोन खलाशी धावत आले. कडेला बसलेल्या एका काकांनी विचारलं, ‘‘आज तिथी काय?’’ मला कुठली माहीत! तेच म्हणाले, ‘‘पंचमी. पाचाचे पाऊणपट किती? पावणेचार. तेव्हा पूर्ण भरती. सहा तास मागे जा, म्हणजे आत्ता सुकती. थांबला असतात जरा तर काय बिघडलं असतं?’’

हा हिशेब कोकणात जुना आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचं. त्यानंतर मी कॅलेंडरवरची तिथी बघूनच निघत होतो. ओहोटीच्या वेळीच उतरावं लागलं तर पहिला गिअर, मागचा ब्रेक, डावा पाय जमिनीलगत, आणि पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून टाका.

गाडी पडली आणि मदतीला कुणी नसलं, तर आधी चावी बंद. उजव्या बाजूला पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढा आणि गिअर टाका, नाहीतर उभी झालेली गाडी दुसऱ्या बाजूला जाते. उचलल्यावर सुरू होत नसेल तर घाबरू नका. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या आडव्या झाल्यावर सेन्सरने बंद पडतात. चावी पूर्ण बंद करून पुन्हा लावा. कार्ब्युरेटरची असेल तर पेट्रोल जास्त गेलेलं असतं. चोक न लावता, थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फ मारा. माझा फक्त ब्रेकचा लिव्हर वाकला. जास्तीचा लिव्हर बरोबर नव्हता, ही वेगळी चूक.

आता चेन. खाऱ्या हवेत ती किती लवकर गंजते, याचा मला अंदाजच नव्हता. तिसऱ्या दिवशी गुहागरच्या पुढे मागून कट, कट असा आवाज यायला लागला, चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा. मी बेअरिंग गेलं म्हणून हबकलो. एका गॅरेजवाल्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चाक हाताने हळूहळू फिरवलं आणि एका जागी बोट ठेवलं. एक कडी आखडली होती, खालून येताना सरळच होत नव्हती. ‘‘दादा, तेल कधी दिलंत?’’ निघायच्या आदल्या दिवशी! त्याने रॉकेल आणि ब्रशने चेन धुतली, कडी हलवून मोकळी केली, गिअर ऑइल सोडलं. ओ-रिंगच्या, म्हणजे कड्यांत रबरी रिंगा असलेल्या चेनला पेट्रोल लावू नका, रबर खराब होतं. किनाऱ्यावर रोज संध्याकाळी, चेन गरम असतानाच, आतल्या बाजूने तेल द्यायचं. मग ताण तपासायचा. किती ढिली हवी ते बहुधा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर लिहिलेलं असतं. सकाळी ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर दिसला आणि ब्रेक करकरला तर काळजी नको, दोन-चारदा हळू दाबला की जातो.

बाकीचं थोडक्यात. पेट्रोल अर्ध्यावर आलं की श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरी, देवगड, मालवण अशा मोठ्या गावात भरून घ्या. वळणांवर जांभ्याची बारीक खडी असते. गाडी कलंडवण्याआधीच वेग कमी करा. अंधारात गुरं रस्त्यावर बसलेली असतात. आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी घालू नका, फोटोसाठीसुद्धा नाही! स्टँड रुततो, भरतीचं पाणी विचारून येत नाही.

एकटेपणाची धास्ती होती, ती निराधार निघाली. मालवणच्या खानावळीतल्या आजींनी ‘‘एकटोच इलंस?’’ म्हणत सोलकढी तीनदा वाढली. घरचे मात्र रोज संध्याकाळी फोनची वाट बघत बसायचे, आणि मला रेंज नसायची. हे निघण्याआधी घरी नीट सांगायला हवं होतं.

घरी आल्यावर गाडी धुवायला आठवडा लावला. पुढच्या स्प्रॉकेटचं (चेनच्या दातेरी चाकाचं) झाकण उघडलं तर आत चेनच्या तेलात कालवलेला लाल चिखल, आणि त्यात एक छोटा शिंपला. गाडी पुळणीवर घातली नव्हती असं मी आजवर सगळ्यांना सांगत होतो.